गोळीपासून घरापर्यंत

उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांतले कर्जत आणि खालापूर हे तालुके मुंबई-पुण्याच्या माणसांना आता चांगलेच परिचयाचे झाले आहेत. शनिवार-रविवारी इथली फार्महाउस भरतात, योगशिबिरे होतात, निसर्गोपचाराची केंद्रे चालतात आणि शरीर, मन व आत्मा यांना एकत्र बरे करण्याचे आश्वासन देणाऱ्या जाहिराती वाचायला मिळतात. घर आणि नोकरी सांभाळून दमलेल्या स्त्रियांना त्यांचे आकर्षण वाटते, आणि त्यात गैर काहीच नाही. विश्रांतीची गरज खरी असते. पण ‘समग्र उपचार’ हा दावा मोठा आहे, म्हणून त्याची कसोटीही मोठी हवी. ही कसोटी कोणती, हे समजून घ्यायला लांब जावे लागत नाही. कर्जत तालुक्यातच २००६ पासून श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन ही संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मानसिक रुग्णांना आणून त्यांच्यावर विनामूल्य उपचार करते आणि बरे झाल्यावर त्यांना त्यांच्या गावी नेऊन पोचवते. या रुग्णांत स्त्रिया आहेत, पुरुषही आहेत. पण स्त्रीच्या बाबतीत बरे होणे किती गुंतागुंतीचे असते, हे या कामातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचित दिसते. माझे म्हणणे असे आहे की औषध वगळून केलेला उपचार समग्र होत नाही आणि औषधापाशी थांबलेला उपचारही समग्र होत नाही. बाईचे नाव, तिची भाषा, तिचा निवारा आणि तिचे हक्क तिला परत मिळवून देणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि तो टाळणाऱ्याने समग्रतेची भाषा करू नये.

या संस्थेमागे डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी हे मानसोपचारतज्ज्ञ दांपत्य आहे. भरत वाटवानी यांचा जन्म कोलकात्याचा, १९५८ सालचा. बारा वर्षांचे असताना वडील गेले, घराचा आधार तुटला आणि भावंडांसह मिळेल ती कामे करावी लागली. दारोदार पुस्तके विकण्याचे कामही त्यांत होते. एवढ्यावरून त्यांच्या पुढच्या कामाचा उगम सांगण्याची घाई करू नये. कष्टाचे बालपण अनेकांच्या वाट्याला येते आणि सगळेच त्यातून करुणा शिकत नाहीत. मात्र आधार गेला की सुस्थितीतले माणूसही उघड्यावर येऊ शकते, ही जाणीव अशा आयुष्यातून येते, आणि ती त्यांच्या पद्धतीत दिसते. १९८८ साली मुंबईत एका हॉटेलात बसलेले असताना या दोघांना बाहेर एक तरुण करवंटीने गटाराचे पाणी पिताना दिसला. त्याला त्यांनी आपल्या दवाखान्यात नेले, उपचार केले. तो बोलू लागला तेव्हा कळले की तो आंध्र प्रदेशातला विज्ञानाचा पदवीधर आहे आणि त्याचे कुटुंब सुस्थितीत आहे. संस्थेची सुरुवात इथून झाली. या घटनेतले दोन निष्कर्ष पुढच्या सगळ्या कामाचा पाया ठरले. एक, जटा आणि मळ यांच्याखाली शिक्षण, कुटुंब, पत्ता असलेले आयुष्य असते. दोन, ते आयुष्य योग्य औषधांनी काही आठवड्यांत पुन्हा बोलू लागू शकते.

पुढची वाटचाल सोपी नव्हती. सुरुवातीला जागा अगदी लहान होती, मोजक्या रुग्णांपुरती. १९९० च्या दशकात जे. जे. कला महाविद्यालयातले एक माजी अध्यापक भटकत असलेले सापडले आणि बरे झाले. ते पाहून अनेक चित्रकारांनी आपली चित्रे देऊन निधी उभा केला आणि १९९७ मध्ये दहिसरला २० खाटांचे केंद्र सुरू झाले. त्या वस्तीतल्या रहिवाशांनी विरोध केला. प्रकरण न्यायालयात गेले आणि निकाल संस्थेच्या बाजूने लागल्यावर काम चालू राहिले. बाबा आमटे यांच्या आनंदवनाचा प्रभाव वाटवानी यांनी वेळोवेळी सांगितला आहे. समाजाने टाकलेल्या माणसांसाठी मोकळी जमीन, शेती, गायी-गुरे आणि दिवसभराचे काम हाही उपचार असतो, ही आनंदवनाची शिकवण कर्जतच्या सुमारे १२० रुग्णांच्या केंद्रात उतरली. २०१८ मध्ये भरत वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर संस्थेने सात हजारांहून अधिक माणसांवर उपचार करून बहुतेकांना घरी पोचवले होते. या आकड्याइतकाच दहिसरचा विरोधही लक्षात ठेवण्यासारखा आहे. कारण रुग्ण बरा होण्याच्या आड त्याच्या मेंदूतला बिघाड जितका येतो, तितकीच शेजाऱ्यांची भीती येते. आणि त्या भीतीवर गोळी नाही.

आता स्त्रियांकडे वळू. बाई घरातून रस्त्यावर येते कशी? स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, हा भटकणाऱ्या रुग्णांत ठळकपणे आढळणारा आजार. पुरुषांमध्ये तो सहसा विशीच्या आगेमागे डोके वर काढतो, स्त्रियांमध्ये काही वर्षे उशिरा. शिवाय पाळी जाण्याच्या वयातही स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुन्हा थोडे वाढते. हा वैद्यकीय तपशील आपल्याकडे सामाजिक संकट होऊन बसतो, कारण पंचविशीच्या सुमाराला बहुसंख्य मुली सासरी असतात. पुरुष आजारी पडतो तेव्हा तो आपल्या आईवडिलांच्या घरात असतो. बाई आजारी पडते तेव्हा ती नवख्या घरात असते, जिथे तिचे स्थान आधीच तिच्या कामावर आणि मुलावर अवलंबून असते. ‘आजार लपवून लग्न लावून दिले’ हा आरोप होतो आणि तिला माहेरी आणून सोडतात. दुसरे वळण बाळंतपणाचे. दर हजार बाळंतपणांमागे एक-दोन स्त्रियांना प्रसूतीनंतर तीव्र मनोविकार होतो. झोप उडते, भलतेच बोलणे सुरू होते, बाळाबद्दल विचित्र शंका येतात. वेळेवर उपचार मिळाला तर यातून बहुतेक स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात. पण घरात त्याला बाहेरची बाधा म्हणतात आणि मोलाचे आठवडे उताऱ्यात जातात. चेन्नईच्या स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशनच्या संशोधकांनी २००३ मध्ये छिन्नमनस्कतेने आजारी आणि मोडलेल्या संसाराच्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेकींचा कायदेशीर घटस्फोट झालेला नव्हता, नवऱ्याकडून पोटगी येत नव्हती आणि सगळा भार म्हाताऱ्या आईवडिलांवर पडला होता. ते आईवडील गेल्यावर पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर आपल्या रेल्वे स्थानकांवर दिसते.

कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे आहे, हे वाचकांना ठाऊक असायला हवे. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे, त्यामुळे डॉक्टरची चिठ्ठी दाखवली की नाते तुटते असा समज पसरलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केले की छिन्नमनस्कतेचे नाव पुरेसे नाही. विकार इतका तीव्र आहे का, की त्यामुळे एकत्र राहण्याची अपेक्षा करणे वाजवी ठरणार नाही, हे सिद्ध व्हावे लागते. २०१३ मध्ये एका डॉक्टर नवऱ्याने डॉक्टर पत्नीविरुद्ध केलेली मागणी याच न्यायालयाने फेटाळली. आजारावर उपचार होतात आणि त्या पत्नीने पुढचे वैद्यकीय शिक्षणही पूर्ण केले होते, हे न्यायालयाने विचारात घेतले. या निकालांचा उपचाराशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध थेट आहे. ज्या बाईला आपले घर एका चिठ्ठीने जाऊ शकते अशी भीती आहे, ती दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि तिच्या माहेरचे लोक आजार झाकून ठेवतात. हक्काची खात्री असेल तर उपचार लवकर सुरू होतो; लवकर सुरू झालेला उपचार अधिक गुण देतो.

कर्जतच्या कामाचा क्रम पाहिला तर या सगळ्या धाग्यांची गुंफण दिसते. भटकणारी व्यक्ती आली की आधी आंघोळ, जखमांची मलमपट्टी, अन्न आणि झोप. रस्त्यावर राहिलेल्या बाईच्या अंगावर जखमा, जंतुसंसर्ग, रक्तक्षय असतो. कित्येकदा लैंगिक अत्याचाराच्या खुणा आणि गर्भही असतो. तिच्या बाबतीत स्त्रीरोगाची तपासणी ही मानसोपचाराइतकीच तातडीची असते. मग मनोविकारावरची औषधे, आणि त्यांच्या जोडीला सगळ्यात दुर्लक्षित साधन, ते म्हणजे तिची भाषा. हाडाचा फोटो काढता येतो. विचारातला बिघाड बोलण्यातूनच कळतो. बंगाली, तेलुगू किंवा भोजपुरी बोलणारी बाई मराठी मुलखात नुसती गप्प बसली, तरी तिचा आजार अधिक गंभीर वाटू शकतो. म्हणून निरनिराळ्या भाषा येणारे सामाजिक कार्यकर्ते इथे डॉक्टरांइतकेच महत्त्वाचे ठरतात. गावाचे नाव, नदी, जवळचे स्थानक, शाळा, जत्रा असे तुकडे जुळवत पत्ता सापडतो. त्यानंतर कार्यकर्ते तिच्यासोबत रेल्वेने प्रवास करून तिला घरी नेतात, घरच्यांना आजार समजावतात, शेजाऱ्यांशी बोलतात आणि पुढची औषधे मिळत राहतील अशी व्यवस्था करतात. आजार बरा झाल्याची खूण म्हणून या प्रवासाकडे पाहणे अपुरे आहे. तो प्रवास हाच उपचाराचा एक टप्पा आहे. वेडी म्हणून गेलेली मुलगी आपल्या पायांनी, नीट कपड्यांत, आपल्याच बोलीत बोलत गावात येते तेव्हा गावाची आजाराबद्दलची समजूत जितकी बदलते, तितकी शंभर भित्तिपत्रकांनी बदलत नाही.

यावर पहिला आक्षेप औषधांबद्दल येतो. ही सगळी गोळ्यांची किमया आहे, आणि गोळ्या माणसाला सुस्त करतात, आयुष्यभर चिकटतात, असे अनेकांना वाटते. त्यात तथ्याचा अंश आहे आणि तो लपवू नये. मनोविकारावरच्या काही औषधांनी वजन वाढते, हात थरथरतात, सुस्ती येते. स्त्रियांमध्ये काही औषधांनी प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढून पाळी अनियमित होते किंवा थांबते, बाळ नसताना दूध येते. हे आधी सांगितले नाही तर बाई गर्भ राहिला म्हणून घाबरते किंवा आपण आता वांझ झालो असे समजून गोळ्या बंद करते; घरच्यांनाही तेच वाटते. मूल होण्यावर जिथे बाईची किंमत ठरते, तिथे हा दुष्परिणाम किरकोळ म्हणता येत नाही. पण याचे उत्तर औषध सोडणे हे नव्हे. औषध बदलता येते, मात्रा कमी करता येते, गरोदरपणाचे नियोजन डॉक्टरांशी बोलून करता येते. त्यासाठी बाईला पुरती माहिती द्यावी लागते आणि तिची तक्रार खरी मानावी लागते. तीव्र आजारात औषधाशिवाय गुण येईल असे सांगणारा माणूस तिच्या आयुष्याचा जुगार खेळतो, हे मात्र निःसंदिग्धपणे सांगायला हवे.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो. आपल्या परंपरेत मनाच्या दुखण्यावर उपाय नव्हते का, मग परक्या शास्त्रावर एवढी भिस्त का? कर्जत तालुक्यालाच या प्रश्नाचा जुना अनुभव आहे. कशेळे येथील अकादमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने ठाकर, कातकरी, महादेव कोळी या आदिवासी समाजांकडच्या वनौषधींच्या ज्ञानाची नोंद गांभीर्याने केली. त्या कामातले दर्शन शंकर यांनी पुढे १९९३ मध्ये बंगळूरला लोकस्वास्थ्य परंपरांच्या संवर्धनासाठी संस्था उभी केली. या कामाने दाखवून दिले की स्थानिक ज्ञान तपासून घेतले तर त्यातले कितीतरी टिकते. वर घाटावर लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करून योगाला प्रयोगशाळेत नेले, तेही याच वृत्तीने. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेतल्या अभ्यासांत, छिन्नमनस्कतेची औषधे चालू असलेल्या रुग्णांना योगाभ्यासाची जोड दिल्यावर त्यांचा अलिप्तपणा आणि निरुत्साह कमी झाल्याचे आढळले. इथे ‘जोड’ कशाला दिली हे विसरू नये: औषधे चालू होती. योग, वनौषधी, भजन, देवदर्शन यांनी मनाला उभारी येत असेल तर ते आनंदाने करावे. अंगात येणाऱ्या बाईला त्या वेळेपुरता मान मिळतो, तिचे ऐकले जाते, हेही समजून घ्यावे. एरवी तिचे कोणी ऐकत नाही, हा त्यातला खरा सल आहे. पण भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि हा कायदा व्हावा म्हणून झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्याच वर्षी प्राण गमवावे लागले. परंपरेचा आदर आणि रुग्णाचा छळ यांच्यातली रेघ या राज्याने एवढी किंमत मोजून आखली आहे. ती पुसू देता कामा नये.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मानसोपचाराच्या आतूनच आला आहे. भटकणाऱ्या बाईला उचलून संस्थेत आणण्याचा, तिला न विचारता औषध देण्याचा अधिकार कोणी दिला? पुण्याच्या बापू ट्रस्टच्या संस्थापक डॉ. भार्गवी दवर यांनी हा प्रश्न आयुष्यभर लावून धरला. ट्रस्टला आईचे नाव देणाऱ्या भार्गवीताईंनी मनोरुग्णालयात डांबल्या गेलेल्या आईचे हाल लहानपणी पाहिले होते. १९९९ मध्ये ट्रस्ट स्थापन करून त्यांनी पुण्यातल्या वस्त्यांमध्ये, माणसाला त्याच्या घरातून न हलवता, मानसिक आरोग्याचे काम उभे केले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची चिंता निराधार नव्हती. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्याआधी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्यात काढून टाकण्यात आली. पाळीच्या वेळची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे त्याचे समर्थन होते. मतिमंदत्व आणि मनोविकार वेगळे, पण वृत्ती एकच: बाईची अडचण सोडवण्यापेक्षा तिचा अवयव कापणे सोपे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा गोष्टींना आळा घातला. उपचार म्हणून नसबंदी करता येत नाही, साखळीने बांधता येत नाही, सक्तीने केस भादरता येत नाहीत. मानसिक आरोग्य केंद्रात उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचे मूल सहसा वेगळे करता येत नाही. भविष्यात कोणता उपचार हवा आणि कोणता नको, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क रुग्णाला आहे.

तरीही मूळ प्रश्न उरतो, आणि माझे उत्तर असे की रस्त्यावर सोडून देणे हा स्वातंत्र्याचा सन्मान होऊ शकत नाही. जिला रात्री कोण येऊन ओरबाडील याची शाश्वती नाही, जी उकिरड्यावरचे खाते, तिच्या ‘नको’ला जाणत्या निर्णयाचे पूर्ण वजन देणे म्हणजे आपली जबाबदारी झटकणे आहे. मात्र तिला आणल्यावर दर दिवशी तिची संमती थोडी थोडी परत मिळवणे, तिला कळू लागले की विचारणे आणि बरी झाल्यावर दार उघडे ठेवणे बंधनकारक आहे. कर्जतचे काम या कसोटीला उतरते, कारण तिथला मुक्काम तात्पुरता असतो. ज्या संस्थेचे यश किती माणसे आत आहेत यावर मोजले जाते, तिच्यापासून सावध राहावे. जिचे यश किती माणसे बाहेर गेली यावर ठरते, तिच्यावर विश्वास ठेवायला जागा आहे.

चौथा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या घराने बाईला घालवले, तिथेच तिला परत नेणे हा उपचार कसा? मारहाणीला कंटाळून निघालेली, सावत्र मुलांनी जमिनीसाठी हाकललेली, अत्याचारातून गर्भ राहिलेली बाई घरी पोचली म्हणजे बरी झाली असे मानता येणार नाही. या प्रश्नाला महाराष्ट्रात दुसरे उत्तरही उभे आहे. अहिल्यानगरजवळ शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांच्या माउली सेवा प्रतिष्ठानात रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रिया आणि त्यांची मुले राहतात. जिला परतायला घर नाही, तिच्यासाठी तेच घर आहे. चेन्नईला १९९३ मध्ये वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी बेघर मनोरुग्ण स्त्रियांसाठी सुरू केलेल्या ‘द बन्यन’ या संस्थेने तिसरी वाट शोधली: बऱ्या झालेल्या चार-पाच जणींनी साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहायचे, स्वयंपाक-बाजार स्वतः करायचा, मदतीला एक कार्यकर्ती. २०१७ च्या कायद्याचे कलम १९ हेच सांगते की कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही, एवढ्या कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून देता येणार नाही. समाजात राहण्याचा तिला हक्क आहे. म्हणजे कर्जतचे माहेर-सासर, शिंगव्याचे कायमचे घर आणि चेन्नईचे सामाईक बिऱ्हाड ही एकमेकांची प्रतिस्पर्धी उत्तरे नाहीत. कोणत्या बाईला कोणते हवे, हे तिला विचारून ठरले पाहिजे. घरी पोचवण्याचा आनंद कितीही मोठा असला तरी ‘तुला तिथे जायचे आहे का’ हा प्रश्न त्याच्या आधी यायला हवा, आणि पोचवल्यानंतरही कोणीतरी तिची विचारपूस करीत राहायला हवे.

शेवटचा आक्षेप व्यवस्थेबद्दलचा. एक संस्था, दोन डॉक्टर आणि काही कार्यकर्ते यांनी देशाचा प्रश्न सुटेल का? सुटणार नाही. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारापासून दूर होते. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालये चार: ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. कर्जत-खालापूरच्या रायगड जिल्ह्यात एकही नाही. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळे आणि चौक येथील ग्रामीण रुग्णालये ही इथल्या बाईच्या आवाक्यातली ठिकाणे. तिथे मनोविकाराची साधी औषधे नियमित मिळणे हाच खरा आधार. त्यातही कातकरी कुटुंबांची गोष्ट वेगळी. दिवाळीनंतर ती वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. दरमहा एकाच रुग्णालयात येऊन गोळ्या न्या, हा नियम त्यांच्या आयुष्यात बसतच नाही; म्हणून आशा कार्यकर्तीमार्फत दोन-तीन महिन्यांची औषधे आणि भट्टीच्या गावातही चालेल अशी नोंद, अशी व्यवस्था हवी. आजारापलीकडच्या आघातातही व्यवस्थेची गरज अशीच दिसते. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जणांचा शोध थांबवावा लागला. वाचलेल्या ठाकर कुटुंबांचे दुःख हा आजार नव्हता, आणि नुसत्या समुपदेशनाने ते हलके होणारही नव्हते. सगळ्यांना एकाच ठिकाणी निवारा, कागदपत्रे, पोरांची शाळा, रोजगार आणि शोक करायला अवसर यांतून मन सावरते. तीव्र मनोविकार असो किंवा आघातानंतरचा शोक, आयुष्याचा आधार परत उभा राहिल्याशिवाय मन उभे राहत नाही. म्हणून स्वयंसेवी कामाचे कौतुक करताना सरकारी यंत्रणेची सुटका होऊ देऊ नये. संस्थेने वाट दाखवली आहे. त्या वाटेवर दवाखाने, औषधे आणि माणसे पुरवणे शासनाचे काम आहे.

वाचकांचेही काही काम आहे, आणि ते अवघड नाही. रस्त्यावर, स्थानकावर भरकटलेली बाई दिसली तर पोळी-भाजी देऊन पुढे जाऊ नका. ११२ वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. २०१७ च्या कायद्याच्या कलम १०० नुसार मानसिक आजाराने भटकणाऱ्या व्यक्तीला संरक्षणात घेणे, २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात नेणे आणि बेघर असल्यास तिच्या कुटुंबाचा शोध घेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे; ते कोणावर उपकार म्हणून होत नाही. घरात कोणाची झोप उडाली, संशय वाढला, बाळंतीण भलतेच बोलू लागली, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. २०२२ पासून चालू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र मिळते आणि मराठीतही बोलता येते. कोणी समग्र उपचाराचे आश्वासन देऊ लागले तर त्यांना तीन गोष्टी विचारा: चालू औषधे बंद करायला सांगता का, बाईचे स्वतःचे म्हणणे ऐकता का, आणि ती इथून गेल्यावर तिची चौकशी करता का. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आणि पुढच्या दोन्हींचे ‘हो’ असेल, तरच पुढे जा.